डेमो बघण्याआधी गोणपाट भिजवा

परभणी जिल्ह्यातला सोयाबीनचा शेतकरी पिशवीवरचं चित्र बघून पेरत नाही. पेरणीआधी तो बियाण्यातले शंभर दाणे सरसकट उचलतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो आणि ती वाळू न देता काही दिवसांनी कोंब मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, थोडे कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं आणि फारच कमी उगवले तर ते पेरायचंच नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून तर ही चाचणी सांगावी लागत नाही. तिच्यात ना यंत्र आहे ना खर्च. सगळं बळ एकाच गोष्टीत आहे: दाणे उचलणारा हात शेतकऱ्याचा असतो, विकणाऱ्याचा नसतो.

हाच माणूस पतसंस्थेचा संचालक किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा अध्यक्ष म्हणून सॉफ्टवेअर घ्यायला बसतो, तेव्हा मात्र हे शहाणपण दाराबाहेर चपलांजवळ राहतं. विक्रेत्याचा प्रतिनिधी लॅपटॉप उघडतो, भिंतीवर पडदा लागतो, चहा येतो. एक नमुना सभासद तीन मिनिटांत नोंदला जातो, त्याच्या नावाने स्वागताचा संदेश जातो, ॲपमध्ये बाण येऊन ‘इथे दाबा, आता इथे दाबा’ असं शिकवू लागतो. सगळे माना डोलावतात आणि मग चर्चा थेट दरावर जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की, या पाऊण तासात संस्थेच्या हाती सॉफ्टवेअरबद्दल काहीही आलेलं नसतं. दाणे विक्रेत्याने निवडले, गोणपाटही त्याचंच आणि कोंबही त्यानेच मोजले. नव्या सभासदाला किंवा नव्या कर्मचाऱ्याला रुळवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर डेमो बघायचा नसतो, आपल्या दाण्यांवर तो करून घ्यायचा असतो.

विक्रेता खोटं दाखवतो असा याचा अर्थ नाही. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन जगाला दाखवला. तो फोन तेव्हा पूर्ण तयार नव्हता, मध्येच बंद पडत होता. अभियंत्यांनी खूप खटपट करून कृतींचा एक असा क्रम शोधला होता की त्याच क्रमाने गेलं तर फोन अडकणार नाही. त्यांच्यात त्या क्रमाला ‘सोनेरी वाट’ म्हणत. पडद्यावर रेंजच्या रेघा कायम पूर्ण दिसतील अशीही सोय केलेली होती, हे सगळं नंतर त्याच चमूतल्या लोकांच्या सांगण्यातून छापून आलं. आयफोन पुढे उत्तम निघाला, हे खरंच. पण तो उत्तम निघेल की नाही, हे त्या दिवशीच्या सादरीकरणावरून सभागृहातल्या कोणालाही कळणं शक्य नव्हतं. प्रत्येक डेमोला अशी एक सोनेरी वाट असते. तिच्यावरून वस्तू चांगली ठरत नाही आणि वाईटही ठरत नाही. प्रतिनिधीने पाठांतर चांगलं केलंय, एवढंच तिच्यावरून सिद्ध होतं.

आधी एक घोळ मिटवू. ‘ऑनबोर्डिंग’ या एकाच नावाखाली सध्या दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक सभासद नोंदवते: अर्ज, फोटो, केवायसी, भागांची रक्कम, वारसाचं नामनिर्देशन, ओटीपी. दुसरी, आधीच असलेल्या ॲपवर बसून वापरणाऱ्याला बोट धरून शिकवते: बाण, सूचनांचे फुगे, कामांची यादी, छोटे व्हिडिओ. या दुसऱ्या प्रकारात बंगळूरची व्हॉटफिक्स आहे, वॉकमी आहे. २०२४ मध्ये सॅप या जर्मन कंपनीने वॉकमी सुमारे दीड अब्ज डॉलरला घेतली, यावरून या धंद्याचं वजन कळेल. गंगाखेडच्या पतसंस्थेला बहुतेक वेळा पहिली वस्तू हवी असते आणि डेमोत दुसरीची झकपक जास्त दिसते, कारण बाण आणि फुगे पडद्यावर छान दिसतात. जो फॉर्म मुळात सोपा आहे त्याला शिकवणारे बाण लागत नाहीत, आणि ज्या फॉर्मची मांडणीच चुकली आहे त्याला बाणांनी काही होत नाही. तेव्हा आपल्याला नोंदणी हवी आहे की शिकवणी, हे संचालक मंडळाने ठरावात एका वाक्यात लिहावं आणि मगच विक्रेत्याला बोलवावं.

आता दाण्यांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. डेमोतला नमुना सभासद हा नेहमी तीन शब्दांच्या नावाचा, स्वतःचा मोबाईल असलेला, आधार आणि सातबारा अक्षरशः जुळणारा माणूस असतो. असे सभासद तुमच्याकडे असतीलही, पण ते तुमची अडचण नाहीत. जुनी अर्जांची फाईल काढा आणि बघा. कोणाचं आधारवर माहेरचं नाव आहे आणि पासबुकावर सासरचं. कोणी सातबाऱ्यावर ‘किशन’ आहे, आधारवर ‘किसनराव’ आणि मतदार यादीत ‘किशनराव’. ‘मारोती’ आणि ‘मारुती’ हा एकच माणूस आहे, पण ‘गंगाबाई’ नावाच्या एकाच गावातल्या तीन सभासद वेगवेगळ्या आहेत. आपल्या भागात ‘शेख अमुक शेख तमुक’ असं नाव लिहिण्याची रीत आहे. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा तीन चौकटींत ते कसं बसवायचं, हे पुण्यात बसून फॉर्म आखणाऱ्याच्या डोक्यात आलेलंच नसतं. चौकटीत एकाने ‘शेख’ आधी भरलं, दुसऱ्याने शेवटी, की तोच सभासद दोनदा नोंदला जातो. ज्यांच्या जन्माची नोंदच नव्हती अशा कितीतरी जुन्या माणसांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी आहे. ‘नाव आणि जन्मतारीख जुळली की सभासद दुबार’ असा नियम सॉफ्टवेअरने धरला असेल तर वेगवेगळी खरी माणसं दुबार ठरतील आणि खरे दुबार सुटून जातील. चार जणांच्या घरात मोबाईल एकच असतो आणि तो मुलाबरोबर चाकणला गेलेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्याचा अंगठा यंत्रावर लागत नाही. बाप वारला, पण फेरफार अजून झालेला नाही, म्हणून सातबारा मयताच्याच नावाने चालू आहे.

यातलं काहीही अपवादात्मक नाही. ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधार आणि अभिलेखातली नावं न जुळणं ही रोजची तक्रार झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारनंतर पतीचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला जात होता. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांच्यासाठी त्या पडद्यावर पुढे जाण्याची वाटच नव्हती. पुढे मुदत वाढली, अशा महिलांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी सोय करावी लागली. तो फॉर्म बिघडलेला नव्हता. ज्यांच्यावर तो तपासला गेला असेल, त्यांच्या बाबतीत तो चोख चालला असणार. फक्त त्या तपासणीत एखादी विधवा बसवायची राहून गेली. ज्या योजनेत निराधार स्त्रिया मुळातच लाभार्थी आहेत, त्या योजनेत हे घडू शकतं, तर तुमच्या पतसंस्थेच्या डेमोत ते घडणार नाही असं मानायला काय आधार आहे?

म्हणून शंभर अर्ज काढा. त्यातले साठ-सत्तर सरसकट उचला आणि उरलेले जाणूनबुजून अडचणीचे घ्या. मात्र सभासदांची खरी कागदपत्रं विक्रेत्याच्या यंत्रात घालू नका. नावांची ठेवण तशीच ठेवून आधार आणि खाते क्रमांक बदला, फोटो बदला, आणि ओटीपी तपासायला संचालकांचे आणि कर्मचाऱ्यांचे मोबाईल वापरा. मग हे अर्ज विक्रेत्याच्या माणसाने नाही, तुमच्या लिपिकाने भरायचे. तोही संगणकात हुशार म्हणून ज्याच्याकडे सगळे धावतात तो नको. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी किंवा निवृत्तीला आलेले शाखाधिकारी बसवा. विक्रेत्याच्या माणसाला आदराने खुर्ची द्या, चहा द्या, पण माऊसला हात लावू देऊ नका. ‘थांबा, मी दाखवतो’ हे वाक्य तो किती वेळा म्हणतो ते एका कागदावर रेघा मारून मोजा. बोट धरून शिकवणारं सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला स्वतःच बोट धरावं लागत असेल, तर त्या रेघांहून वेगळा अहवाल लागत नाही.

शंभर अर्ज पेलवत नसतील तर कमी चालतील. संगणक कसा वापरला जातो याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: पाच जणांना वापरून बघायला दिलं तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी वर येतात. पण त्यांचा हिशेब साधारण एकसारख्या माणसांचा आहे. लिपिक, पिग्मी एजंट आणि घरी बसून ॲप उघडणारा सभासद ही तीन वेगळी माणसं आहेत, त्यांना एकात मोजता येत नाही. म्हणून माणसं पाच-सहाच घ्या, पण तिन्ही प्रकारची घ्या.

निकाल लिहिताना ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ असे दोनच रकाने ठेवू नका. मदतीशिवाय झालेले अर्ज एकीकडे. अडले, पण काय करायचं ते पडद्याने मराठीत नीट सांगितलं, ते दुसरीकडे. अडले आणि पुढची वाटच दिसली नाही, ते तिसरीकडे. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: चुकीचे असूनही बिनबोभाट पुढे गेले ते. डेमोत हा रकाना कधीच दिसत नाही, कारण तिथे सगळं पुढे जाणं हीच शोभा असते. पण न उगवलेल्या दाण्यापेक्षा उगवलेलं तण महाग पडतं. दुबार सभासद भागांच्या हिशेबात येतो, निवडणुकीच्या मतदार यादीत येतो, लेखापरीक्षणात येतो. पतसंस्थेला सभासदांची ‘आय’ नमुन्यातली नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातली यादी ठेवावी लागते. ती या सॉफ्टवेअरमधून त्याच दिवशी छापून घ्या आणि लेखापरीक्षकाला दाखवा. शेतकरी उत्पादक कंपनीच्या बाबतीत तर यात थेट पैसा आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या दहा हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत मैदानी भागात किमान तीनशे सभासद लागतात आणि भाग अनुदान प्रति सभासद दोन हजार रुपयांपर्यंत, एकूण पंधरा लाखांपर्यंत मिळतं. नोंदवहीतलं एकेक नाव तिथे पुराव्यासारखं तपासलं जातं.

भाषेची चाचणी वेगळी करायची गरज नाही, ती याच अर्जांत होऊन जाते. फक्त ‘मराठी उपलब्ध’ या शब्दांवर विसंबू नका. बटणांची नावं मराठीत आणि चूक दाखवणारा संदेश इंग्रजीत, असा प्रकार सर्रास असतो, आणि माणूस अडतो तो नेमका त्या संदेशापाशी. ‘कऱ्हाळे’ टाइप करून शोधा, सापडतं का? ‘ज्ञानेश्वर’ रोमन लिपीत लिहिताना आपण ‘डीएन’ने सुरू करतो, उत्तरेकडचा माणूस ‘जीवाय’ने, दोन्हींचा मेळ लागतो का? जुनी यादी श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तिची पन्नास नावं तिथल्या तिथे आत घेऊन दाखवा म्हणावं. ‘ते आमची टीम करून देईल’ या उत्तरापुढे वहीत ‘नाही’ लिहा. ‘पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय’ यापुढेही ‘नाही’च.

रेंजचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि त्यातले दहापैकी सुमारे सात जण खेड्यात राहत होते. सभासद तिथे आहे, वायफाय परभणीच्या मुख्य कार्यालयात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीने हे सगळ्यांनाच शिकवलं: फोटो बांधावर काढायचा आणि माहिती रेंज मिळेल तिथून पाठवायची, अशी सोय नसती तर ती योजना पहिल्याच हंगामात बसली असती, ती असूनही शेवटी मदतीला सहायक नेमावे लागले. तेव्हा चाचणीतले दहा अर्ज येलदरीकडच्या एखाद्या खेड्यात, साध्या फोनवर, भर दुपारी भरा. अर्ध्यात रेंज गेली तर भरलेलं राहतं की पुसलं जातं, एवढंच बघायचं आहे. ओटीपी किती मिनिटांनी आला, तेही लिहा. ८ मार्च २०२१ ला व्यावसायिक एसएमएसच्या तपासणीचे नवे नियम एकदम लागू झाले तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले होते. संस्थेच्या नावाची आणि संदेशाच्या नमुन्याची नोंद कोण करून देणार, संस्था की विक्रेता, हे तिथेच विचारून घ्या.

यावर पहिला आक्षेप येईल की, विक्रेता एवढं करायला का तयार होईल? मानवतची एक छोटी पतसंस्था म्हणजे त्याच्यासाठी किती मोठं गिऱ्हाईक? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर त्याच्यातच आहे. विकायच्या आधी जो दोन दिवस देत नाही, तो विकल्यानंतर फोन उचलेल ही आशा कशावर? शिवाय छोट्या संस्थांनी एकेकट्याने बसायची काय गरज? सेलू, पाथरी, मानवत इथल्या चार-पाच संस्था मिळून एकच चाचणी लावू शकतात. बियाण्याची खरेदी गटाने करायची आणि सॉफ्टवेअरची मात्र ज्याने त्याने, असं कुठे लिहिलंय? विक्रेत्यालाही पाच गिऱ्हाइकं एकदम दिसली की वेळ सापडतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: शेजारच्या संस्थेने घेतलंय, त्यांचं बरं चाललंय, मग तेच घेऊ. शेजाऱ्याला जरूर विचारा, पण अध्यक्षांना नाही, काउंटरवर बसणाऱ्याला विचारा. आणि ‘कसं आहे?’ असं नाही, ‘काल किती अर्ज अडले आणि तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. एवढी मोठी रक्कम घालून घेतलेली वस्तू चुकली असं कोणतंही संचालक मंडळ सहजासहजी म्हणत नाही. तरीही शेजाऱ्याचं बियाणं शेजाऱ्याच्या जमिनीत उगवलेलं असतं. त्यांचे सभासद पगारदार असतील आणि तुमचे ऊसतोड मजूर, तर दोन्हींचा गोणपाट वेगळा.

तिसरा आक्षेप म्हणजे, नाही जमलं तर सोडून देऊ, महिन्याचे थोडे पैसे जातील. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मला सगळ्यांत धोकादायक वाटतं ते हे वाक्य. पैसे थोडे जातात. अडकते ती माहिती. म्हणून चाचणीच्या शेवटी भरलेले सगळे अर्ज फोटोंसकट बाहेर काढून द्यायला सांगा आणि ती फाईल तुमच्या स्वतःच्या संगणकावर साध्या एक्सेलमध्ये उघडा. मराठी अक्षरं शाबूत आहेत का, सगळे रकाने आले का, हे बघा. ही सोय करारातही हवी, मुदत आणि दरासकट. दरपत्रकात वार्षिक देखभाल, एसएमएसचा खर्च आणि १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करा; दर प्रति सभासद असेल तर पाच हजार सभासदांवर तो किती होतो ते आजच काढा.

कायद्याचीही एक बाजू आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. या कायद्यानुसार सभासदाच्या माहितीची जबाबदारी संस्थेची आहे, संस्थेने नेमलेल्या सॉफ्टवेअर कंपनीवर ती ढकलता येत नाही. माहिती का घेतोय याची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय सभासदाला द्यावा लागतो, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं लागतं. डेमोत संमतीचं बटण हिरवंगार आणि ठळक असतं. मागे घेण्याचं बटण कुठे आहे ते दाखवा म्हणा. आणखी एक: खाजगी संस्थांना आधारच्या वापरावर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात मर्यादा घातल्या आहेत. तेव्हा पूर्ण आधार क्रमांक साठवणारा फॉर्म बघून खूश होऊ नका, तो झाकून ठेवणारा बघा.

गावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांना, म्हणजेच प्राथमिक कृषी पतसंस्थांना, हा निवडीचा प्रश्न फारसा पडणार नाही. जून २०२२ मध्ये केंद्राने अशा ६३ हजार संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटींचा खर्च ठरला, आणि त्यात देशभर एकच सॉफ्टवेअर आहे. तरी गटसचिवांनी हेच शंभर अर्ज त्याच्यावर चालवावेत. खरेदी नाकारण्यासाठी नाही, तर कुठे अडतं त्याची लेखी यादी जिल्हा पातळीवर पाठवण्यासाठी. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ अशी तक्रार कोणी वाचत नाही, ‘शंभरपैकी एकोणीस अर्ज वारसाच्या पानावर अडले’ ही वाचावी लागते.

एक शेवटची गोष्ट वेळेची. एप्रिल-मे मध्ये नव्या सभासदांची आणि पीककर्जाची गर्दी सुरू झाली की कोणालाही चाचणीला फुरसत नसते, आणि घाईत डेमोवरच सह्या होतात. चाचणी दिवाळीनंतर, रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर लावा. शंभर अर्ज मात्र याच आठवड्यात फाईलमधून काढून एका पाकिटात ठेवा, आणि पाकीट तयार झाल्यावरच विक्रेत्याला फोन करा.